विश्लेषण : गाय गाभडते, ताप माणसाला येतो… ब्रुसेलोसिस एवढा दुर्लक्षित का?

संध्याकाळ झाली की ताप चढतो, रात्री दरदरून घाम फुटतो आणि सकाळी माणूस बराच बरा असतो. दोन आठवडे, तीन आठवडे हेच चालू राहते. मलेरियाची चाचणी निगेटिव्ह, डेंग्यूची निगेटिव्ह. विडाल चाचणी 'थोडी पॉझिटिव्ह' आली म्हणून टायफॉइडची औषधे सुरू होतात. ताप उतरतो आणि औषध संपल्यावर पुन्हा येतो. कंबर धरते, गुडघे दुखतात, वजन घटते. अशा रुग्णाच्या घरी गोठा असेल, तर सर्वांत आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे. गेल्या काही महिन्यांत घरातली गाय, म्हैस किंवा शेळी गाभडली होती का? बहुतेक वेळा तो विचारला जात नाही. रुग्णही स्वतःहून सांगत नाही, कारण गोठ्यातल्या घटनेचा आपल्या तापाशी काही संबंध असेल, असे त्याच्या मनातही येत नाही. तो संबंध जोडणारा आजार म्हणजे ब्रुसेलोसिस.

ब्रुसेलोसिस म्हणजे नेमके काय?

ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे होणारा हा आजार मूळचा जनावरांचा आहे. गाई-म्हशींमध्ये प्रामुख्याने 'ब्रुसेला अबॉर्टस', शेळ्या-मेंढ्यांमध्ये 'ब्रुसेला मेलिटेन्सिस' आणि डुकरांमध्ये 'ब्रुसेला सुइस' ही प्रजाती आढळते. माणसाला यातली कोणतीही होऊ शकते. मेलिटेन्सिसचा आजार सर्वांत तीव्र असतो. पशुवैद्यकीय मराठीत याला 'सांसर्गिक गर्भपात' म्हणतात आणि गोठ्यातले त्याचे मुख्य लक्षण तेच आहे. गाभण गाय साधारण पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार वेळेवर पडत नाही, पुढे गाय उलटत राहते.

गर्भाशयालाच हा जिवाणू का लक्ष्य करतो, याचे एक कारण रासायनिक आहे. गाभण गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते आणि ती ब्रुसेलाला फार मानवते. त्यामुळे गाभडलेले वासरू, वार आणि त्यासोबतचे पाणी यांत जिवाणूंची संख्या प्रचंड असते. गोठ्यातला सर्वांत धोकादायक क्षण तोच. आणि नेमक्या त्याच क्षणी घरातला कोणीतरी बाही सरसावून उघड्या हाताने मदतीला उतरलेला असतो.

लाळ्या-खुरकूत किंवा घटसर्प आला तर गोठ्यात लगेच कळते. जनावर लाळ गाळते, लंगडते, घसा सुजतो. ब्रुसेलात तसे काही दिसत नाही. गाभडलेली गाय चार दिवसांत पुन्हा चारा खाऊ लागते, पुढच्या वेळी अनेकदा पूर्ण दिवसांचे वासरूही देते. म्हणून 'पाय घसरला', 'दुसरीने शिंग मारले', 'ऊन बाधले' अशी कारणे सांगून विषय संपतो.

हा आजार ओळखला कसा गेला?

ही गोष्ट भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरची आहे. तिथे ब्रिटिशांची मोठी छावणी होती आणि सैनिक महिनोन् महिने न उतरणाऱ्या तापाने रुग्णालयात पडून असत. 'माल्टा फिव्हर' हे नाव तेव्हाचेच. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मृत सैनिकांच्या प्लीहेतून जिवाणू वेगळा केला. ब्रुसेला हे नाव त्याच्यावरूनच आले. जिवाणू सापडला, पण तो येतो कुठून, हे पुढची १८ वर्षे कळले नाही. हवा, पाणी, गटारे अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

१९०५ मध्ये थेमिस्टोक्लीझ झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. त्या काळी बेटावर दूधवाले शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकाच्या समोर दूध काढून देत. डोळ्यांदेखत काढलेले, ताजे, भेसळ नसलेले दूध. त्या दिसायला ठणठणीत शेळ्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा निघाल्या आणि साधारण दहातली एक शेळी दुधावाटे जिवाणू बाहेर टाकत होती. १९०६ मध्ये छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला. (झॅमिट नंतर पुरातत्त्वज्ञ म्हणून जास्त प्रसिद्ध झाले. माल्टातली तार्शीन येथील प्रागैतिहासिक मंदिरे त्यांनीच उत्खनन करून उजेडात आणली.)

दरम्यान डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना १८९७ मध्ये गाभडणाऱ्या गाईंमध्ये एक जिवाणू सापडला होता. माल्टाचा जिवाणू आणि हा जिवाणू एकाच घराण्यातले आहेत, हे १९१८ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी दाखवले. म्हणजे गाईचे कच्चे दूधही धोकादायक. एक स्त्री, तीही डॉक्टरेट नसलेली, असे काही सांगते यावर अनेक वर्षे विश्वास ठेवला गेला नाही आणि दूध व्यवसायाने तर उघड विरोध केला. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना इव्हान्स यांनाच ब्रुसेलोसिस झाला. तो पुढे कित्येक वर्षे उलटत राहिला. १९२८ मध्ये त्या अमेरिकी जिवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पाश्चरायझेशन सक्तीचे होण्यामागे त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

आपण दूध उकळूनच पितो, मग धोका कोणाला?

दूध तापवल्याशिवाय वापरायचे नाही, या आपल्या घराघरांतल्या सवयीने आजवर किती लोक वाचले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद, एवढ्या तापमानाला ब्रुसेला मरतो. उकळी त्याच्या कितीतरी पुढची. तापवलेल्या दुधाचे विरजण लावलेले दही, ताक, तूप आणि नीट वाफवलेला खरवस यांना घाबरण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य देशांत कच्च्या दुधाच्या मऊ चीजमधून हा आजार पसरतो, तो मार्ग आपल्याकडे अरुंद आहे.

पण तीन फटी आहेत. पहिली धारोष्ण दुधाची. आचळातून थेट पेल्यात आलेले कोमट, फेसाळ दूध ताकद देते, हा समज तालमीपासून आयुर्वेदाच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजपर्यंत सगळीकडे आहे. दुसरी फट दरवर्षी पावसाळ्यात उघडते. डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या की शेळीच्या दुधाची शोधाशोध सुरू होते आणि ते 'कच्चेच प्यायचे' असे सांगितले जाते. शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला वैज्ञानिक पुरावा नाही. ब्रुसेलाची सर्वांत तीव्र प्रजाती मात्र शेळ्यांतच असते. म्हणजे आधीच तापाने खचलेल्या माणसाला आपण दुसऱ्या, जास्त चिवट तापाची जोखीम देतो. तिसरी फट नवी आणि शहरी आहे, ती म्हणजे गोठ्यातून थेट घरी येणारे, काचेच्या बाटलीतले, 'प्रक्रिया न केलेले' दूध. ते शुद्ध असेलही, पण कच्चे आहे. तापवले की प्रश्न मिटतो.

दुधापेक्षा आपल्याकडे मोठा धोका हाताचा आहे. वार अडकली की हात घालून काढणारे शेतकरी, त्यांना मदत करणाऱ्या घरातल्या बायका, पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, कत्तलखान्यातले कामगार, धनगर, शेळ्या सांभाळणारी कुटुंबे. हातावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, गोठा झाडताना श्वासातूनही जिवाणू शरीरात जातो. गोठा साफ करणे, शेण काढणे, व्यायलेल्या गाईची उस्तवार करणे ही कामे बहुतेक घरांत बायकाच करतात. तापाची तक्रार घेऊन दवाखान्यात उशिरा पोहोचणाऱ्याही त्याच. माणसाकडून माणसाला हा आजार होण्याची उदाहरणे फारच थोडी आहेत. त्यामुळे एकाच घरातले दोघे-तिघे आजारी असतील तर बहुधा त्यांची गाय एक असते.

निदान का चुकते?

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते चार आठवडे जातात, कधी कधी काही महिनेही. तोवर गाभडलेले वासरू पुरले गेलेले असते आणि विसरलेही गेलेले असते. शिवाय या आजाराला स्वतःचा चेहरा नाही. ताप, घाम, थकवा, सांधेदुखी ही लक्षणे कशाचीही असू शकतात. पुरुषांत काही वेळा वृषणाला सूज येते, गर्भवतींमध्ये गर्भपाताचा धोका असतो आणि अगदी थोड्या रुग्णांत जिवाणू हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचतो. मृत्यूचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी आहे आणि त्यातले बहुतेक मृत्यू याच कारणाने होतात. मृत्यू कमी असल्याने बातमी होत नाही. कामावर जाऊ न शकलेले महिने कुठेच मोजले जात नाहीत.

खरी गंमत, म्हणजे खरे तर दुर्दैव, औषधांच्या बाबतीत आहे. जनावरांकडून किंवा परिसरातून येणारे इतर जिवाणूजन्य ताप आपल्याकडे आता बऱ्यापैकी ओळखले जातात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईला लेप्टोस्पायरोसिस माहीत झाला, २०१८ मध्ये नागपूर परिसराला स्क्रब टायफस. पावसाळ्यातल्या तापाला त्यामुळे अनेक डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा आठवडाभराचा डोस देतात आणि त्या दोन आजारांसाठी ते योग्यही आहे. ब्रुसेलोसिसवरही डॉक्सिसायक्लिनच लागते, पण सहा आठवडे आणि दुसऱ्या औषधाच्या जोडीने. सात दिवसांत रुग्णाला बरे वाटते, जिवाणू मात्र पेशींच्या आत दबा धरून बसलेला असतो. महिन्याभराने ताप परत येतो तेव्हा रुग्णाने डॉक्टर बदललेला असतो.

तसेच क्षयरोगाचे. मणक्याला ब्रुसेला झाला तर तो मणक्याच्या टीबीसारखाच दिसतो. टीबीवरचे रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही काम करते. त्यामुळे चुकीच्या निदानावर सुरू केलेल्या औषधानेही काही दिवस उतार पडतो आणि चूक पक्की होते.

रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी रोझ बेंगाल चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते. पुढे ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन किंवा एलायझाने खात्री करता येते. रक्तातून जिवाणू वाढवून दाखवणे हा पक्का पुरावा, पण तो सावकाश वाढतो. आणि 'ब्रुसेलाचा संशय आहे' हे प्रयोगशाळेला आधी सांगावे लागते. तंत्रज्ञांना कामावर होणाऱ्या संसर्गांमध्ये ब्रुसेलाचा क्रमांक जगभर वरचा आहे. थोडक्यात, चाचणी अवघड नाही. ती करावी, असे कोणाच्या तरी डोक्यात यावे लागते.

जगात दरवर्षी ५ लाख लोकांना हा आजार होतो, असा आकडा कित्येक वर्षे सांगितला जात होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या अंदाजानुसार ही संख्या १६ ते २१ लाखांच्या घरात आहे. आजार एकाएकी वाढला असे नाही. तो मोजलाच जात नव्हता.

उपचार काय?

प्रौढांसाठी सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि सोबत रिफॅम्पिसिन किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, ही रूढ पद्धत. गर्भवती आणि लहान मुलांसाठी औषधे वेगळी असतात. हृदय, मणका किंवा मेंदू यांना संसर्ग असेल तर उपचार बरेच लांबतात. पूर्ण केले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. दुसऱ्या आठवड्यात बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणारे पुन्हा येतात.

लस कोणासाठी आहे?

माणसासाठी सर्वत्र वापरता येईल अशी लस नाही. गाई-म्हशींसाठी 'एस-१९' ही जिवंत जिवाणूची लस आहे. ती फक्त मादी वासरांना, म्हणजे कालवडी आणि पारड्यांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच टोचतात. नरांना नाही, गाभण जनावराला नाही. वयाची ही मर्यादा का? मोठ्या जनावराला टोचली तर रक्तातली प्रतिपिंडे दीर्घकाळ राहतात आणि पुढे तपासणीत हे जनावर लस घेतलेले की आजारी, हेच कळेनासे होते. म्हणून कालवड नऊ महिन्यांची झाली की संधी गेली.

११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाची सुरुवात झाली. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी १३ हजार ३४३ कोटी रुपयांची तरतूद होती. दरवर्षी ३ कोटी ६० लाख मादी वासरांना ब्रुसेलाची लस देण्याचे उद्दिष्ट होते आणि २०३० पर्यंत दोन्ही रोगांचे उच्चाटन हे अंतिम लक्ष्य. लसीची नोंद कानातल्या १२ आकडी बिल्ल्यावर होते.

अडचण गावात आल्यावर सुरू होते. लाळ्या-खुरकूतची लस सगळ्या जनावरांना एका फेरीत देता येते. इथे दारोदार फिरून नेमक्या वयाच्या कालवडी शोधायच्या, लस थंड ठेवायची आणि टोचताना स्वतःला सुई लागू द्यायची नाही. ती लागली तर टोचणाऱ्यालाच ब्रुसेलोसिस होऊ शकतो. चीनमधल्या लांझोऊ शहरात २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये याच्या लस कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले, बाहेर सोडलेल्या हवेतून जिवाणू पसरला आणि १० हजारांहून अधिक नागरिकांना संसर्ग झाल्याचे तपासणीत आढळले. त्यातल्या बहुतेकांचा गाई-शेळ्यांशी काही संबंध नव्हता.

गाय गाभडली तर काय करायचे?

गाभडलेले वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नये. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतात. ते नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातावर बांधाव्यात, तोंडावर फडके घ्यावे. घरातल्या गर्भवतीला आणि मुलांना लांब ठेवावे. वार उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकण्याची पद्धत सर्रास आहे आणि तीच सर्वांत वाईट. कुत्री ती गावभर नेतात. खोल खड्डा, वर चुना, वर माती. जागा जंतुनाशकाने धुवावी, कारण ओलसर, सावलीच्या मातीत हा जिवाणू आठवडेच्या आठवडे टिकतो. गाय वेगळी बांधावी आणि पशुवैद्यकाला बोलावून तिचे रक्त तपासून घ्यावे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, नमुने तिथे जातात. आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत घरात कोणालाही न उतरणारा ताप आला, तर डॉक्टरांना गाईबद्दल सांगावे. त्यांनी विचारले नाही तरी.

पॉझिटिव्ह गाईचे काय?

इथे सगळे अडते. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये गोवंशातून ब्रुसेलोसिस संपवला. आधी लसीकरण, मग तपासणी, पॉझिटिव्ह जनावराची कत्तल आणि मालकाला भरपाई, असा तो मार्ग होता. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला पूर्ण बंदी आहे. म्हशींना ती लागू नाही. हा कायदा योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला, तरी शेतकऱ्यासमोरचा प्रश्न उरतोच. लाखभर रुपयांची संकरित गाय, कर्जावर घेतलेली, दिसायला धडधाकट, दूध देणारी. अहवालात पॉझिटिव्ह. ती आयुष्यभर वेगळी बांधायची तर जागा आणि चारा कोणी द्यायचा? औषधाने जनावरातला ब्रुसेला खात्रीने बरा होत नाही. मग बहुधा एकच होते. गाय बाजारात जाते, घेणारा विश्वासाने घेतो आणि दुसऱ्या तालुक्यात पुढच्या वेताला नवा गोठा बाधतो. हे टाळण्यासाठी अनेक शेतकरी तपासणीच करून घेत नाहीत. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या जागी दुसरा कोणी वेगळे करील असे वाटत नाही.

गाव पातळीवर रोग हुडकण्याची एक साधी सोय खरे तर हाताशी आहे. गाईच्या एकत्र केलेल्या दुधात रंगवलेल्या मृत जिवाणूंचा एक थेंब टाकला, की संसर्ग असल्यास वर येणाऱ्या सायीच्या थरात निळसर कडे उमटते. ही मिल्क रिंग चाचणी शंभर वर्षांच्या आसपास जुनी आणि अतिशय स्वस्त आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ मोजले जातेच. फॅट कमी लागले तर दर किती कापायचा, याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. दुधात निळे कडे उमटले तर त्या शेतकऱ्याला कोण आणि किती देणार, याचा तक्ता अजून तयार व्हायचा आहे.